द्रव्यपरीक्षणात सूक्ष्मतरंग संवेदक : तत्त्व, उपयोग व मर्यादा

स्नेहपाक सिद्ध झाला की नाही हे ठरविण्यासाठी ग्रंथकारांनी सांगितलेली लक्षणे प्रत्येक वैद्याला विद्यार्थिदशेपासून परिचित आहेत. कल्काची वात वळता यावी, ती अग्नीवर धरली असता तडतड आवाज होऊ नये, तैलात फेन यावा आणि घृतातील फेन शमावा. यांपैकी वात जाळून पाहण्याची परीक्षा ही वस्तुतः जलांशाची परीक्षा होय. कल्कात पाणी शिल्लक असेल तर त्याची एकाएकी वाफ होते आणि आवाज येतो. पाणी संपले की वात शांतपणे जळते. ही परीक्षा अचूक आहे, स्वस्त आहे आणि शतकानुशतके उपयोगी पडली आहे. मात्र ती 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. किती आहे, हे सांगत नाही. शिवाय पाक करणाऱ्याचे कान व अनुभव यांवर ती अवलंबून असते.

जलांश अंकांत मोजणारी आणि द्रव्य न जाळता, न तापविता उत्तर देणारी एक पद्धती म्हणजे सूक्ष्मतरंग संवेदक. मायक्रोस्ट्रिप नावाची तांब्याची पट्टी व तिच्या शेजारी फट असलेले तांब्याचे कडे, एवढीच त्याची मुख्य सामग्री. अलीकडे अशा संवेदकांची माहिती औषधनिर्मिती करणाऱ्यांपर्यंत पोहोचू लागली आहे आणि तिच्याबरोबर काही अवास्तव दावेही पोहोचतात. म्हणून या उपकरणाचे तत्त्व काय, आपल्या कल्पांच्या परीक्षणात ते कोठे उपयोगी आहे आणि कोठे नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाण्याचे वेगळेपण

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धनभारित व दुसरे किंचित ऋणभारित असते. बाहेरून विद्युत्क्षेत्र लावले की हे रेणू त्या क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतात. एखादे द्रव्य विद्युत्क्षेत्राला असा प्रतिसाद किती प्रमाणात देते, हे ज्या अंकाने दर्शवितात त्यास परावैद्युतांक म्हणतात. निर्वाताचा परावैद्युतांक १ मानला जातो. हवेचा जवळजवळ तेवढाच असतो. तिळाचे तेल, एरंडेल, तूप अशा स्नेहद्रव्यांचा तो साधारण २.५ ते ४.५ यांच्या दरम्यान असतो. वाळलेल्या वनस्पतिद्रव्यांचाही अल्पच असतो. पाण्याचा परावैद्युतांक मात्र २० अंश सेल्सिअसला सुमारे ८० असतो.

ही तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. तेल आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी, दिसण्यात फरक असला तरी तो अल्प प्रमाणात लपून जातो. परंतु विद्युत्क्षेत्रापुढे पाणी तेलाहून वीस-पंचवीस पटींनी वेगळे वागते. याच कारणाने अल्प जलांशही मापनात उमटतो. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. पाण्याचा हा गुण त्याचे रेणू मोकळेपणी वळू शकतात म्हणून आहे. बर्फात ते जागच्या जागी जखडलेले असल्यामुळे सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रात बर्फाचा परावैद्युतांक केवळ ३ च्या आसपास असतो. चूर्णाच्या कणांना घट्ट चिकटलेले पाणीही मोकळ्या पाण्यापेक्षा कमी प्रतिसाद देते.

विद्युत्क्षेत्र वेगाने उलटसुलट होत असेल तर रेणूंनाही तितक्याच वेगाने वळावे लागते. वळताना शेजारच्या रेणूंशी घर्षण होऊन काही ऊर्जा उष्णतेत जाते. या ऊर्जाव्ययाचेही मापन करता येते. म्हणजे प्रत्येक द्रव्याबद्दल आपणास दोन अंक मिळतात : एक परावैद्युतांकाचा व दुसरा ऊर्जाव्ययाचा.

३०० मेगाहर्ट्झ ते ३०० गिगाहर्ट्झ या वारंवारतेच्या, म्हणजे एक मीटर ते एक मिलिमीटर लांबीच्या विद्युच्चुंबकीय तरंगांना सूक्ष्मतरंग म्हणतात. या क्षेत्रात आपल्या देशाचे कार्य आरंभापासूनचे आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कोलकात्यात अशा तरंगांचे जाहीर प्रयोग केले होते. पुढे १८९८ साली त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून हे तरंग पाठवून, द्रव्याच्या रचनेचा तरंगावर कसा परिणाम होतो हे दाखविले. द्रव्यातून गेलेला तरंग द्रव्याची काही खूण घेऊन बाहेर पडतो, हा आजच्या संवेदकांचाही पाया आहे.

मायक्रोस्ट्रिप पट्टी

सूक्ष्मतरंग एका जागेहून दुसरीकडे नेण्यासाठी पूर्वी धातूच्या पोकळ नळ्या वापरीत. १९५२ साली ग्रीग व एंगेलमन या अमेरिकेतील अभियंत्यांनी मायक्रोस्ट्रिपची रचना प्रसिद्ध केली. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. रेडिओ-दूरदर्शन संचांत जी काच-तंतू व इपॉक्सी यांची हिरवी पाटी असते, तशी सुमारे १.६ मिलिमीटर जाडीची पाटी घ्यावयाची. तिच्या खालच्या बाजूस तांब्याचा अखंड पत्रा आणि वरच्या बाजूस तांब्याची काही मिलिमीटर रुंदीची एकच पट्टी. तरंग या पट्टी व पत्र्यामधून प्रवास करतो. त्याचे विद्युत्क्षेत्र बहुतांशी पाटीत असते, परंतु काही भाग पट्टीच्या कडांवरून वर हवेत डोकावतो. या डोकावणाऱ्या भागात एखादे द्रव्य आणून ठेवले तर तरंगाला त्याची जाणीव होते. मात्र नुसत्या पट्टीवर हा परिणाम फार अल्प असतो. तो वाढविण्यासाठी कड्याची योजना करतात.

फट असलेले कडे

तांब्याचे एक कडे कल्पावे व त्यास एका जागी बारीक फट पाडावी. त्याच्या आत, विरुद्ध बाजूस फट असलेले दुसरे लहान कडे असते. यास स्प्लिट रिंग रेझोनेटर म्हणतात. मराठीत आपण विभक्त वलय अनुनादक म्हणू. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील जॉन पेंड्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा कड्यांच्या रांगा रचून निसर्गात न आढळणारे चुंबकीय गुण निर्माण करता येतात हे मांडले आणि तेव्हापासून या रचनेला प्रसिद्धी मिळाली. त्यांचा हेतू वेगळा होता. द्रव्य ओळखण्याचे साधन म्हणून कड्याचा उपयोग त्यानंतर वाढला.

कड्याचे कार्य झोपाळ्याच्या दृष्टांताने समजते. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत दिलेला लहानसा झोकाही त्याला उंच नेतो, अन्य लयीत दिलेला वाया जातो. कड्यातून वाहणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवितो आणि फटीच्या समोरासमोरील दोन कडा धारित्राप्रमाणे, म्हणजे कंडेन्सरप्रमाणे, विद्युत्क्षेत्रात ऊर्जा साठवितात. ऊर्जा या दोहोंमध्ये ये-जा करते व त्यावरून कड्याची स्वतःची वारंवारता ठरते. फटीची धारिता जितकी अधिक तितकी ही वारंवारता कमी.

असे कडे मायक्रोस्ट्रिप पट्टीच्या अगदी जवळ ठेवले की पट्टीच्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र कड्यातून जाते. पट्टीवरून अनेक वारंवारतांचे तरंग क्रमाने पाठविले तर कड्याच्या लयीशी जुळणारा तरंग कडे अडविते व तो पलीकडे पोहोचत नाही. आलेखावर त्या ठिकाणी एक दरी दिसते. आता फटीवर तेलाचा थेंब ठेवला की फटीची धारिता वाढते, कड्याची लय मंदावते आणि दरी डावीकडे सरकते. किती सरकली यावरून परावैद्युतांक कळतो. दरी किती रुंद व उथळ झाली यावरून ऊर्जाव्यय कळतो. सूक्ष्मतरंग संवेदकाचे तत्त्व एवढेच आहे.

कडे तांब्याचे न करता खालच्या पत्र्यातच कड्याच्या आकाराची खाच कोरण्याची दुसरी रीत २००४ साली स्पेनमधील संशोधकांनी मांडली. तीत पट्टीचे विद्युत्क्षेत्र थेट खाचेवर पडते व परीक्ष्य द्रव्य पाटीच्या मागील बाजूस सपाट ठेवता येते. द्रव व चूर्ण यांच्यासाठी ही रीत सोयीची ठरते.

एक उदाहरण

आकड्यांनी विषय अधिक स्पष्ट होईल. पाटीचा परावैद्युतांक ४.४ आहे व रिकाम्या कड्याची वारंवारता २.५० गिगाहर्ट्झ आहे असे समजू. फटीचे निम्मे क्षेत्र पाटीत व निम्मे वरच्या द्रव्यात आहे असा ढोबळ हिशेब धरला, तर ३ परावैद्युतांकाचे तेल ठेवल्यावर दरी सुमारे २.१४ गिगाहर्ट्झवर येते. याच तेलात शेकडा एक भाग पाणी बारीक थेंबांच्या रूपाने पसरलेले असेल तर मिश्रणाचा परावैद्युतांक ३.०८ च्या आसपास होतो व दरी आणखी सुमारे ११ मेगाहर्ट्झने सरकते.

येथे संवेदकाची शक्ती व अडचण दोन्ही दिसतात. ११ मेगाहर्ट्झ हे अंतर आजची साधी उपकरणेही मोजू शकतात. परंतु अशा स्वस्त पाटीत ऊर्जा बरीच वाया जात असल्यामुळे दरीची रुंदी वारंवारतेच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे ४० मेगाहर्ट्झहून अधिक असू शकते. रुंद दरीचा तळ नेमका कोठे आहे हे शोधणे, पसरट खोलगट जमिनीत सर्वांत खालचा बिंदू शोधण्यासारखे आहे. म्हणून उत्तम संवेदकांसाठी कमी ऊर्जाव्ययाच्या महाग पाट्या वापरतात.

औषध या तरंगांनी तापते काय, अशी शंका वैद्यांच्या मनात येणे साहजिक आहे. विशेषतः मधाच्या बाबतीत ती येईलच. पाकगृहातील मायक्रोवेव्ह भट्टी ७००-८०० वॉट शक्ती वापरते. संवेदकास एक मिलिवॉट किंवा त्याहून कमी शक्ती पुरते. भट्टीच्या मानाने हा लक्षांश शक्तीचाही वापर नव्हे. त्यामुळे परीक्ष्य द्रव्य तापत नाही व परीक्षणानंतर ते जसेच्या तसे राहते.

आपल्या कल्पांच्या संदर्भात

१. स्नेहकल्प : येथे संवेदकाची भूमिका सर्वाधिक नैसर्गिक आहे. नस्यासाठी मृदुपाक व अभ्यंगासाठी खरपाक असा चरकोक्त भेद आहे. पाक जसजसा पुढे जातो तसतसा जलांश घटत जातो. मोठ्या कढईत पाक चालू असताना ठरावीक वेळाने नमुना घेऊन दरीचे स्थान नोंदविले, तर जलांश कसा उतरत गेला याचा आलेख मिळतो. प्रत्येक पाकाची अशी नोंद राहिली तर एका घाण्याची दुसऱ्याशी तुलना करता येते. मात्र नमुना नेहमी एकाच तापमानाला आणूनच मोजला पाहिजे. वातीची परीक्षा सोडून देण्याचे मुळीच कारण नाही. उलट वात शांत जळू लागली त्या क्षणी संवेदकाचा अंक काय होता, हीच पहिली नोंद असावी.

२. चूर्ण : चूर्णातील आर्द्रता ही बुरशी व गोळे होण्याचे मूळ आहे. आयुर्वेदीय फार्माकोपियात त्यासाठी १०५ अंशांवर वाळवून वजनातील घट पाहण्याची रीत आहे. तीस काही तास लागतात. शिवाय लवंग, दालचिनी, सुंठ यांसारख्या द्रव्यांत उडनशील तेलही त्याबरोबर निघून जाते व घट पाण्याहून अधिक दिसते. म्हणून अशा द्रव्यांसाठी टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी वेगळे मोजतात. संवेदक काही सेकंदांत अंक देतो व उडनशील तेलाला तो पाणी समजत नाही, हा त्याचा लाभ. अडचण अशी की चूर्ण सैल भरले तर फटीजवळ हवा अधिक व दाबून भरले तर द्रव्य अधिक. त्यामुळे तेच चूर्ण दोन वेगळे अंक देते. यावर मेयर व शिल्झ यांनी १९८० साली उपाय सुचविला. परावैद्युतांकातील वाढ व ऊर्जाव्यय हे दोन्ही अंक घनतेबरोबर वाढतात, तेव्हा त्यांचे परस्परप्रमाण घेतले की घनतेचा परिणाम बराचसा निघून जातो. धान्य व तंबाखू यांच्या व्यवसायात आर्द्रता मोजताना हाच विचार उपयोगी पडला.

३. मध : मधात पाणी शेकडा २० हून अधिक नसावे असा आपल्याकडील अन्नसुरक्षा मानकांचा दंडक आहे. हे पाणी संवेदकाने मोजता येते. परंतु त्यासाठी वापरात असलेला रिफ्रॅक्टोमीटर स्वस्त, सोपा व पुरेसा अचूक आहे. खरा प्रश्न साखरेच्या पाकाच्या भेसळीचा आहे. मधाइतकाच जलांश ठेवून तयार केलेला तांदळाचा किंवा अन्य शर्करांचा पाक मिसळला, तर संवेदकास तो ओळखता येईल असे मानू नये. कारण अंक मुख्यतः पाण्यावर ठरतो आणि पाणी तर दोहोंत सारखेच आहे. या भेसळीसाठी कार्बन समस्थानिकांची परीक्षा व चुंबकीय अनुनादाची एनएमआर परीक्षा यांचाच आधार घ्यावा लागतो. 'मधाची शुद्धता एका क्षणात' असे आश्वासन कोणी अशा कड्याच्या बळावर देत असेल तर ते स्वीकारू नये.

४. आसव-अरिष्ट : मद्यांश वाढला की मिश्रणाचा परावैद्युतांक पाण्याहून कमी होतो. शर्करा विरघळलेली असली तरीही तो कमी होतो. एकच अंक व दोन अज्ञात राशी, अशी ही स्थिती आहे. घनतेची वेगळी नोंद घेऊन संधान कसे पुढे सरकत आहे हे पाहता येईल. पण केवळ संवेदकाच्या अंकावरून मद्यांश जाहीर करणे योग्य नव्हे.

५. भस्म व क्षार : भस्मातील शिसे, पारा, आर्सेनिक यांचे दशलक्षांशातील प्रमाण सूक्ष्मतरंग संवेदकाच्या पूर्णतः आवाक्याबाहेर आहे. तेथे आण्विक शोषण वर्णपटमापी किंवा आयसीपी या यंत्रांना पर्याय नाही. क्षारांच्या द्रावणात आयन मुक्तपणे फिरत असल्याने ऊर्जाव्यय इतका वाढतो की दरी पुष्कळदा विरून जाते.

या पाच उदाहरणांतून एक सूत्र हाती येते. संवेदक हा पाण्याचा चोख साक्षीदार आहे, परंतु द्रव्याच्या ओळखीचा साक्षीदार नाही. समोरचे चूर्ण अश्वगंधेचे आहे की अन्य कशाचे, हे त्यास ठाऊक नसते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक, पतला स्तर क्रोमॅटोग्राफी आणि अनुभवी डोळे यांचीच आवश्यकता आहे.

रक्तशर्करेविषयीचे दावे

हाच विचार प्रमेहाच्या रुग्णांच्या संदर्भात अधिक गंभीर होतो. सुई न टोचता, बोटाला अंगठी किंवा मनगटाला घड्याळ लावून रक्तशर्करा सांगण्याची कल्पना आकर्षक आहे व विभक्त वलय अनुनादकांवर या दिशेने पुष्कळ प्रयोगही झाले आहेत. प्रयोगशाळेत, काचेच्या नळीतील शर्करेच्या द्रावणांवर असे कडे बऱ्यापैकी उत्तरे देते. शरीरावर मात्र स्थिती पालटते.

रक्तशर्करा १०० वरून २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर झाली, म्हणजे एका लिटरमागे एक ग्रॅमची भर पडली. हा हजारात एक भाग होय. दुसरीकडे पाण्याचा परावैद्युतांक तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के बदलतो, म्हणजे हजारात चार भाग. त्वचेचे तापमान एका अंशाने बदलणे, थोडा घाम येणे, बोट किंचित अधिक दाबले जाणे, या प्रत्येक गोष्टीचा परिणाम शर्करेच्या परिणामास सहज झाकून टाकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, त्वचेला न टोचता रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत अशी सूचना दिली आणि असे एकही स्वतंत्र उपकरण आपण तोवर मान्य केले नसल्याचे स्पष्ट केले. चुकीच्या अंकावर विसंबून इन्शुलिन किंवा गोळ्यांची मात्रा बदलली गेली तर रुग्ण मूर्च्छित होऊन दगावू शकतो. आपल्याकडे येणारे पुष्कळ रुग्ण दोन्ही पद्धतींची औषधे घेत असतात. त्यांनी असे एखादे उपकरण दाखविल्यास रक्त तपासूनच निर्णय घ्यावा, असे वैद्याने त्यांना निक्षून सांगितले पाहिजे.

उपकरण घेण्यापूर्वी

दरी पाहण्यासाठी जे यंत्र लागते त्यास नेटवर्क ॲनालायझर म्हणतात. ते एकेकाळी मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडत असे. २०१९ नंतर हातात मावणारी स्वस्त यंत्रे सर्वत्र मिळू लागली आणि त्यामुळे लहान औषधशाळेलाही प्रयोग करणे शक्य झाले. कडे कोरलेली पाटी तर साध्या मुद्रित पाट्या बनविणाऱ्याकडूनही करून घेता येते. अशी सामग्री घेताना किंवा जोडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

अ) तोच नमुना दहा वेळा काढून पुन्हा भरावा व दहा अंकांतील फरक पाहावा. हा फरक आपणास ओळखावयाच्या जलांशाच्या फरकाहून लहान असला पाहिजे.

आ) तोच नमुना पाच अंश अधिक तापमानाला मोजावा. अंक बदलत असेल तर तापमानाची दुरुस्ती यंत्रात आहे काय, हे विचारावे.

इ) प्रत्येक कल्पासाठी स्वतंत्र अंशांकन करावे. त्रिफळा चूर्णावर बसविलेले कोष्टक सितोपलादीस लागू पडत नाही. एकात शर्करा आहे, दुसऱ्यात नाही.

ई) अंशांकनासाठी वापरलेल्या नमुन्यांखेरीज काही नमुने बाजूला ठेवावेत, त्यांचा जलांश फार्माकोपियातील रीतीने काढावा व मगच संवेदकाच्या उत्तराशी ताडून पाहावा.

उ) ज्या द्रव्याचे अंशांकन झालेले नाही ते यंत्रापुढे ठेवावे. तरीही यंत्र निःशंकपणे 'उत्तम' किंवा 'अशुद्ध' असा निर्णय देत असेल, तर ते यंत्र मापन करीत नसून बोलघेवडेपणा करीत आहे असे समजावे.

उपसंहार

'वारंवारता', 'तरंग', 'अनुनाद' हे शब्द अलीकडे आरोग्याच्या बाजारात फार सैलपणे वापरले जातात. वात-पित्त-कफ किंवा द्रव्याचे वीर्य मेगाहर्ट्झमध्ये मोजल्याचे सांगणारेही भेटतात. विभक्त वलय अनुनादकाची माहिती करून घेतल्यावर हे ध्यानात येईल की, तेथील अनुनाद तांब्याच्या कड्याचा असतो, औषधाचा नव्हे. औषध केवळ त्या कड्याची लय कमी-अधिक करते आणि ती प्रामुख्याने आपल्यातील पाण्याने करते. याहून अधिक अर्थ त्या अंकातून काढणे शास्त्राला धरून नाही.

एवढी मर्यादा स्वीकारली तर हे साधन खरोखर उपयोगी आहे. बिघडलेल्या औषधाच्या पुष्कळ तक्रारी अखेरीस पाण्यापाशी येऊन थांबतात : पूर्ण न वाळविलेले चूर्ण, अर्धवट राहिलेला पाक, सैल झाकणाची बरणी. पाण्याचे प्रमाण काही सेकंदांत, औषध वाया न घालविता कळत असेल आणि त्याची नोंद घाण्यागणिक ठेवता येत असेल, तर रुग्णाच्या हाती जाणारे औषध अधिक भरवशाचे होईल. सिद्धिलक्षणांची जागा घेण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या शेजारी एक अंक लिहिण्यासाठी या कड्याचा उपयोग आपल्या औषधशाळांनी करून पाहावा.